बारा गुणांची आघाडी, टेबलावर तेरा

सोलापूर
सोमवार, दि. ३ नोव्हेंबर २०२५

चिरंजीव बिरुदेव,

आशीर्वाद लिहिण्याचा अधिकार मजपाशी उरला आहे किंवा नाही, याचा निर्णय मी तुझ्यावर सोपवतो. सवय सुटत नाही, म्हणून तो आधी लिहून ठेवला आहे असे समज. सात वर्षांनी लेखणी हाती घेण्याचे कारण एकच. काल दुपारी चीनमधल्या त्या स्नूकरच्या स्पर्धेत तू एका पाळीत एकशे सव्वीसचा ब्रेक केलास, आणि तो मी पाहिला.

पाहिला तो असा. दुपारचे जेवण आटोपून मी पोथी उघडतो न उघडतो तोच तुझा बाप दारात उभा. गुंडा आता कारखान्यातून निवृत्त झाला आहे, पण चाल अजून मागावर पाळीला निघाल्यासारखीच आहे.

"सर, बिरू खेळतोय. बगणार काय? न्हाय म्हणला तर मी हितंच उंबऱ्यावर बसून बगतो. आवाज मातर मोठा ठेवणार."

मी म्हटले, आत ये. त्याने फोन माझ्या पाटावर पितळी तांब्याला टेकवून उभा केला. पोथी बाजूला सरली, हे देवासमोर कबूल करतो. लाल चेंडू एकेक करून खिशात जाऊ लागले, काळा प्रत्येक वेळी आपल्या जागेवर परत येऊ लागला, आणि ऐंशीच्या पुढे तू गेलास तेव्हा मी केव्हा उभा राहिलो ते मला कळले नाही. बहात्तर वर्षांचे गुडघे माझे. एरवी आरतीलाही कुरकुरतात. शेवटचा काळा पडला तेव्हा गुंडाने माझा हात इतका दाबला की लिहिताना अजून बोट दुखते आहे.

तुला आठवते का, तू आठवीत माझ्या संस्कृतच्या वर्गात होतास आणि विभक्ती पाठ न करता बाकावर गोट्यांचे कोन मोजत बसायचास? मी स्वतः त्या खेळात शिरलो तो खंडेनवमीला क्लबातल्या काठ्यांची, म्हणजे क्यूंची, पूजा सांगायला गेलो म्हणून. पूजा सांगून झाल्यावर सेक्रेटरी म्हणाले, शास्त्री, एक फटका मारून तर पाहा. पुढची चाळीस वर्षे पांढरे हातमोजे घालून मी त्याच टेबलाभोवती पंच म्हणून फिरलो. तुला त्या टेबलापाशी मी नेले, हे माझ्या आयुष्यातील थोड्या निर्मळ कृत्यांपैकी एक आहे.

आता कान उघडे ठेव, कारण गुरूची जीभ सात वर्षे बांधलेली होती. काल तुझा आयरिश प्रतिस्पर्धी तू नेम धरताना पेल्यातला बर्फ वाजवत होता. ते नीच होते. पण पुढच्या फ्रेमला, म्हणजे पुढच्या डावाला, तो नेम धरू लागल्यावर तू क्यूच्या टोकावर खडू किरकिर घासत राहिलास, ते काय होते? शिवाय पंचाने तुला सौम्यपणे सूचना दिली, तर तू त्याच्याकडे पाहून हसलास. चांगले हसला नाहीस.

माझ्याकडे कात्रणांची वही आहे. बर्लिन: टेबलाच्या कडेवर क्यूचा दांडा आपटला, ताकीद. बेलफास्ट: हस्तांदोलन नाकारले, दंड. बँकॉक: पंचाशी वाद. हे सर्व तूच, आणि हे सर्व वाचून मी दरवेळी कात्रीने नीट कडा कापल्या. का कापल्या, मला विचारू नकोस.

त्या दिवशी क्लबाच्या मागच्या खोलीत मी तुला तोंड दाखवू नकोस म्हणालो. त्याचे कारण तुला ठाऊक आहे. हे पान गुंडाच्या फोनवरून फोटो काढून येईल, म्हणून अधिक लिहीत नाही.

परवा पुढची फेरी. डावा पाय अजून आत वळतो; नेम धरताना तो सरळ ठेव.

सोमशेखर

बुधवार, दि. ५ नोव्हेंबर, त्रिपुरी पौर्णिमा

चिरंजीव बिरुदेव,

पानावर दोन निळ्या खुणा आल्या. गुंडा म्हणाला, याचा अर्थ पोराने वाचले. उत्तर नाही. ठीक आहे, मंदिरातली घंटासुद्धा लगेच उत्तर देत नाही, तरी आपण वाजवतोच.

आज दीपमाळेला तेल घालायला जायचे होते. मी देवाची क्षमा मागून त्याला सायंकाळनंतरचा वेळ दिला, कारण साडेचारला तुझा सामना होता. समोर इंग्लंडचा तो उंच गृहस्थ, ज्याला हरणे म्हणजे अपमान वाटतो. चौथ्या फ्रेमला टेबलावर अजून पस्तीस गुण होते, जिंकण्याची संधी होती, तरी त्याने मूठ आपटली आणि चेंडू विस्कटून टाकले. प्रेक्षकांनी तिकिटे काढून यावे आणि याने डाव अर्धवट टाकावा. गुंडा म्हणाला, "सर, ह्यो मागावर असता तर पहिल्याच दिवशी मुकादमानं हाकलला असता. धागा तुटला म्हून कुनी माग मोडतंय व्हय?"

पाहत पाहत मला एक गोष्ट उमगू लागली आहे. हा बर्फ वाजवतो, तो मूठ आपटतो, कुणी मुद्दाम एकेका फटक्याला तीन मिनिटे लावतो, कुणी हात मिळवताना छताकडे पाहतो. भाषा वेगळ्या, वेष एकच, कोट आणि बो. सभ्यतेचे वस्त्र ज्या खेळाने सर्वांत नेटके नेसले आहे, त्यातच असभ्यता इतकी बारीक होऊन का राहावी? बहुधा मोठ्याने भांडायची सोय नाही म्हणून.

सामन्याचा शेवट तू फार सुंदर केलास. निळा चेंडू हळू सोडलास तेव्हा तो खिशाच्या तोंडाशी थांबणार असे मला वाटले. गुंडा मात्र पडद्यावर तळवा ठेवून म्हणाला, "पडणार. लव तिकडंच वडतीया." आणि पडला. चाळीस वर्षे पंचगिरी करून त्या हिरव्या कापडाची लव मला जितकी कळली नाही, तितकी या माणसाला अक्कलकोट रोडवरच्या यंत्रमागांवर टॉवेल विणून कळली आहे. कापड कुठेही जावो, त्याचे केस एका बाजूला झोपतात, असे तो म्हणतो.

मग तू टेबलाला वळसा घालून आलास आणि कॅमेरा तुझ्या कमरेवर आला. गुंडा ताठ झाला. "त्यो टावेल बगा सर. माझ्या मागावरचा. चीनला गेला, इंग्लंडला गेला. त्या टावेलावर पोरानं राज्याचा कप मारला हुता, तुमच्याच हाताखाली."

मी म्हटले, हो.

दीपमाळेचे तेल उद्या घालीन.

सोमशेखर

शुक्रवार, दि. ७ नोव्हेंबर

बिरुदेव,

तू उपांत्य फेरीत पोहोचलास. तुझ्या आईने, मायाक्काने, गल्लीत पेढे वाटले आणि आम्हा दोघांना दारातूनच सुनावले, "दोन म्हातारी येका फोनात मुंडकी घालून बसल्यात. जेवाय तरी उठा." आम्ही उठलो नाही.

जिंकलास, पण आज मला आनंद पुरता झाला नाही. सातव्या फ्रेमला पंचाने तुझ्यावर फाऊल दिला. तो बरोबर होता की चूक, फोनच्या पडद्यावर मला सांगता येणार नाही. तू मात्र त्याच्या अगदी तोंडासमोर उभा राहिलास आणि तुझे इंग्रजी शब्द मला स्वच्छ ऐकू आले. "तुला खरेच दिसते, की दिसूनही सोयीचे तेवढेच सांगतोस?" असे तू त्याला विचारलेस.

माझी कात्रणांची वही मी परत काढली. बर्लिनला क्यू आपटलास, तो पंचाच्या निर्णयानंतर. बेलफास्टला तू प्रतिस्पर्ध्याचा हात नाकारला होतास असे मी सात महिने समजत होतो. नीट वाचले, तो हातही पंचाचाच होता. बँकॉकचे सांगायलाच नको.

प्रतिस्पर्ध्यांशी तुझे वैर नाहीच. वैर आहे ते पांढऱ्या हातमोज्यांशी.

आज दुपारी पूजेला बसलो तेव्हा कपाळाला विभूती लावायला हात उचलवेना. अजून थोडे धैर्य गोळा करतो.

सोमशेखर

शनिवार, दि. ८ नोव्हेंबर

बिरुदेव,

हे पान गुंडासमोर बसून लिहितो आहे. गुंडा आज प्रत्येक ओळ ऐकणार आहे, कारण मीच ती त्याला वाचून दाखवणार आहे.

आधी सामना. थायलंडचा तो चाळिशीचा शांत खेळाडू आणि तू; पाच-चारने तू पुढे. दहावी फ्रेम त्याच्या हातात होती. तो वाकला, नेम धरला, आणि फटका न मारताच सरळ उभा राहिला. हात वर केला. पंच गोंधळला, समालोचकही गोंधळले. त्याने स्वतःच्या बाहीकडे बोट दाखवले, मग पिवळ्या चेंडूकडे. स्पर्श झाला होता. कुणीही पाहिलेला नव्हता. पुन्हा दाखवलेल्या चित्रातसुद्धा दिसला नाही. आपल्या अंगाचा वा वस्त्राचा चेंडूला स्पर्श झाला तर ते खेळाडूने आपणहून सांगावे, हा या खेळाचा नियम मी शेकडो पोरांना शिकवला आहे. तो पाळताना डोळ्यांनी पाहिला, तो आज.

पाळी तुझी झाली आणि तू अंतिम फेरीत गेलास. गुंडा नाचू लागला. शेवटी त्या माणसाने तुझ्यापुढे हात केला तेव्हा तू बोटांची टोके देऊन दुसरीकडे पाहिलेस. रागावून मी तोंड उघडले आणि मिटले. त्या हाताकडे तुला पाहवले नाही, बाळा. मलाही पाहवले नाही.

मी गुंडाला म्हटले, फोन बंद कर, एक सांगायचे आहे. मग सांगितले, ते असे.

सात वर्षांपूर्वी आपल्या क्लबात राज्य स्पर्धेची अंतिम लढत होती. समोर नातेपुत्याचा जोतिराम. पुण्याहून यायचा पंच आला नाही. आपल्या शिष्याच्या सामन्यात मी पंच होणे योग्य नव्हते. पण जोतिराम म्हणाला, शास्त्री सर असतील तर मला चालतंय. तेवढ्यावर मी हातमोजे घातले. शेवटच्या फ्रेमला जोतिरामचे साठ, तुझे पंचावन्न. टेबलावर फक्त गुलाबी आणि काळा, म्हणजे सहा आणि सात मिळून तेरा गुण. गुलाबी चेंडूसाठी तुला काळ्याच्या वरून वाकावे लागले. तुझ्या कमरेला तो टॉवेल खोवलेला होता. त्याच्या न शिवलेल्या कडेची एक दशी लोंबत होती, आणि ती काळ्याला लागली. काळा केसभर हलला.

तुला जाणवले. मला दिसले. तुझी मान किंचित माझ्याकडे वळली होती, हे मी आजवर कुणाला सांगितलेले नाही. तू माझ्याकडे पाहिलेस, बिरुदेव. बावीस वर्षांचा पोरगा, काय करावे ते गुरूला विचारत होता.

मी गप्प राहिलो.

का, तर चाळीस वर्षांत सोलापूरचा एकही खेळाडू राज्याबाहेर गेला नव्हता, आणि हा माझा होता. यापलीकडे कारण नाही. असते तर सात वर्षांत सापडले असते. तू गुलाबी पाडलास, काळा पाडलास, लोकांनी तुला खांद्यावर घेतले. आणि मी तुला मागच्या खोलीत नेऊन म्हटले, अधर्मी, पुन्हा तोंड दाखवू नकोस. तू म्हणालास, "सर, पंच तुमी हुता की." मी दार लावून घेतले.

सभेत बसून सत्य दाबणारा पापाचा वाटेकरी असतो, हे मी वर्गात तीस वर्षे शिकवले. आपल्या पापाचा वाटा मी तुझ्या खांद्यावर ठेवला आणि वर प्रवचने सांगत फिरलो. पंच पाहूनही गप्प बसतो, हे ज्याने बाविसाव्या वर्षी आपल्या गुरूच्या डोळ्यांत पाहिले, तो बर्लिनच्या पंचाला मान कसा देईल? वहीतली तुझी सगळी कात्रणे माझ्या नावावर आहेत.

गुंडाने ऐकले. बराच वेळ तो पाटाच्या कडेवरून तळवा फिरवत राहिला. मी वाट पाहत होतो की तो उठेल आणि पुन्हा माझ्या दारात येणार नाही.

"त्यो रिजेकचा पीस हुता, सर," तो म्हणाला. "कारखान्यातनं आमास्नी वाटायचे. येका बाजूची कड शिवायची ऱ्हायली हुती. मायाक्का म्हणली हुती, शिवून दे. म्या म्हणलं, टावेलच हाय, घाम पुसायचा."

मी म्हटले, गुंडा, दोष टॉवेलचा नाही.

"न्हाय, पर शिवला असता तर हे झालंच नसतं की." मग डोळे पुसून म्हणाला, "जोतिरामाला कोन सांगणार?"

सोमशेखर

रविवार, दि. ९ नोव्हेंबर, सकाळी

बिरुदेव,

घाईत आहे. आज तुझी अंतिम लढत, आणि सकाळचे पहिले सत्र मी पाहणार नाही. एकही चेंडू चुकवायचा नाही असे ठरवले होते, ते मोडतो. साडेसातच्या गाडीने अकलूज, तिथून नातेपुते. गुंडा सोबत येतो आहे. मी नको म्हटले, तर म्हणाला, "टावेल माझा, वाटा माझाबी."

खांद्याच्या पिशवीत माझी पंचाची जुनी वही आहे. हातमोजेही का घेतले, ठाऊक नाही.

पाय सरळ.

सोमशेखर

सोमवार, दि. १० नोव्हेंबर

चिरंजीव बिरुदेव,

सुरुवात कुठून करू ते सुचत नाही. काल एका दिवसात इतके घडले की माझी अक्षरे एकमेकांना ढकलत आहेत. म्हणून क्रमाने लिहितो.

जोतिरामचे नातेपुत्यात ठिबक सिंचनाच्या पाइपांचे दुकान आहे. आम्ही पोहोचलो तेव्हा तो काळ्या नळीची गुंडाळी कापत होता. अंगाने भरला आहे, डोळे तेच.

"या सर. गुंडाकाका, तुमी बी? सोलापुरात बाळीवेशीत ठिबक बशिवताय काय?"

पाणी आले. मी पेला खाली ठेवला आणि उभा राहिलो, जसा पंच उभा राहतो. "जोतिराम, मी एक फाऊल सांगायला आलो आहे."

"कुणाचा?"

"बिरुदेवाचा. आणि माझा."

सगळे सांगितले. नळी कापायची कात्री त्याच्या हातात उघडीच राहिली. माझे बोलणे संपले तेव्हा तो हसला.

"काळा हाललेला मला दिसला हुता, सर."

मी विचारले, किती?

"केसाएवढा हालला. म्या तुमच्याकडं बगितलं. तुमी काय बोलला न्हाय. मग म्हणलं, शास्त्री सरांस्नी दिसलं न्हाय, म्हंजी आपल्याच डोळ्याचा घोळ हाय. दुसऱ्या आठवड्यात बारामतीला जाऊन डोळं तपासलं. डाक्टर म्हणला, नजर एक नंबर हाय. तरी खेळणं सोडलं. आपल्याच डोळ्यावर इस्वास न्हाय, तर मानसानं नेम धरायचा कशावर?"

बिरुदेव, मी समजत होतो की मी तुझे नुकसान केले. या माणसाकडे मी सात वर्षांत एकदाही वळून पाहिले नव्हते. त्याने माझ्या मौनावर विश्वास ठेवला आणि आपल्या डोळ्यांना खोटे ठरवले. मी वाकलो. वयाने मोठ्याने लहानाच्या पायाशी वाकू नये असे सांगणारे नियम मला तोंडपाठ आहेत; ते त्या वेळी आठवले नाहीत. जोतिरामने मला मध्येच धरले.

"आवो सर, गिऱ्हाईक बगतंय."

गुंडाने टॉवेलच्या कडेचे पुराण पुन्हा सुरू केले. जोतिराम म्हणाला, "काका, तुमच्या टावेलाला फाशी देऊ नंतर. साडेचार वाजलं. आज फायनल हाय न्हवं? सकाळपासनं दुकानात बसून चुळबुळ चाललीया माझी. लावा की फोन."

तो तुझे सामने पाहत आला आहे. सगळे. बर्लिनचासुद्धा.

पाइपांच्या गुंडाळ्यांवर आम्ही तिघे बसलो. सकाळचे सत्र पाच-चार तुझ्याविरुद्ध गेले होते. मग तू काय खेळलास, ते तुलाच सांगण्यात अर्थ नाही. आम्ही काय केले तेवढे सांगतो. जोतिराम प्रत्येक फटक्याआधी फटका सांगत होता आणि दहापैकी नऊ वेळा तू तोच मारत होतास. "आता पांढरा वर आण, वर आण... आणला. शिकलाय गडी." गुंडा लव सांगत होता. माझ्याकडे सांगण्यासारखे काही उरले नव्हते, म्हणून मी फक्त श्वास धरत होतो. सात-सात. आठ-आठ. दुकानात दोन शेतकरी पंपाचा वॉशर घ्यायला आले ते तिथेच बसले. नऊ-नऊ.

शेवटच्या फ्रेमला, रंगीत चेंडू राहिले असताना, पांढरा निळ्याच्या पल्याड जाऊन बसला आणि तुला पसरून वाकणे भाग पडले. तू वाकलास. मग परत उभा राहिलास. कमरेचा टॉवेल सोडलास, त्याची घडी घातलीस आणि पंचाच्या हातात दिलास. त्याचे काय करावे ते त्या बिचाऱ्याला कळले नाही. पांढऱ्या हातमोज्यांवर गुंडाचा टॉवेल घेऊन तो तसाच उभा राहिला.

गुंडाने तोंडावर हात धरला होता. जोतिराम हळूच म्हणाला, "वाचलं म्हणायचं पत्र. आता खेळ गड्या."

निळा. गुलाबी. काळा.

जोतिराम ओरडत रस्त्यावर गेला. त्याने शेजारच्या चहावाल्याला सांगितले की आपल्या जिल्ह्याचा पोरगा जिंकला, आणि मग थोडे थांबून म्हणाला, माझ्यासंगं खेळायचा. गुंडा रडत होता, हसत होता, शेतकऱ्यांचे हात धरत होता. तू वेल्सच्या प्रतिस्पर्ध्याचा हात दोन्ही हातांनी धरलास. नंतर पंचाचा. त्याच्या हातातून टॉवेल घेताना तू त्याला काहीतरी म्हणालास, तो हसला. काय म्हणालास ते भेटल्यावर सांग.

रात्री जोतिरामकडेच राहिलो. जेवताना तो म्हणाला, "चीनचा कप त्याचा. त्यात माझं काय न्हाय. पर ती फ्रेम माझी ऱ्हायलीया, सर. मला बाकी काय नगं. ती फ्रेम पुरी करायची."

मी पिशवीतून वही काढली. त्या दिवशी, दार लावून घेतल्यावर, मी तिन्ही चेंडूंच्या जागांची आकृती काढून ठेवली होती. सांगायचे नव्हते तर काढली कशाला, याचे उत्तर आता देता येते. कुणीतरी विचारेल अशी वाट मी पाहत होतो.

जोतिरामने वही दिव्याखाली धरली. "गुलाबी बराबर. पांढरा बराबर. काळा मातर चुकलाय, सर. बोटभर उजवीकडं हुता."

मी रबर मागितले आणि काळा बोटभर उजवीकडे केला. त्याच्या नजरेला प्रमाण मानायला मला सात वर्षे उशीर झाला होता; आणखी एक क्षण लावायचा नव्हता.

सोमशेखर

शुक्रवार, दि. १४ नोव्हेंबर

चिरंजीव बिरुदेव,

तुझा निरोप काल दुपारी आला. गुंडा धावतच आला, तेही चप्पल न घालता. एवढाच मजकूर असला तरी मी तो स्वतःच्या हाताने वहीत उतरवून घेतला आहे: "सर, मंगळवारी पोचतो. टॉवेल घेऊन येतोय. आबांस्नी सुई-दोरा काढून ठेवाय सांगा."

गुंडाने सुई-दोरा काढून ठेवला आहे. मायाक्का म्हणते, शिवणार मीच, याला सरळ टाके येत नाहीत. त्यावरून सकाळपासून त्यांचे चालले आहे.

जिल्हा संघटनेला मी झालेला प्रकार सही करून कळवला आणि पंचाचा बिल्ला परत केला. उत्तर आले की इतक्या जुन्या सामन्याचा निकाल बदलत नसतो. कागदावर तो तसा राहो. ही फ्रेम कागदासाठी नाही. बिल्ला नसलेल्या म्हाताऱ्याला पंच म्हणून चालवून घेता का, असे मी जोतिरामला फोनवर विचारले. तो म्हणाला, "तुमीच पायजे. ह्या टायमाला डोळं उघडं ठेवा म्हंजी झालं." असे बोलणे ऐकून मला किती बरे वाटले ते तुला कळेल.

क्लबात आता ते एकच टेबल उरले आहे. गुंडाने काल त्याचे कापड स्वतः झाडले, लवेच्या बाजूने, आणि तळवा फिरवून म्हणाला, जुनं हाय पर खोटं न्हाय. गुलाबी मी जागेवर ठेवला आहे. पांढरा ठेवला आहे. काळा जोतिरामने सांगितला तिथे, बोटभर उजवीकडे. वर चादर घातली आहे. कुणी हात लावणार नाही.

तू जगातल्या मोठ्यांना हरवून येतो आहेस, पण इथे तुझी बाजू कठीण आहे. काळ्याच्या फाऊलचे सात गुण मी जोतिरामच्या नावावर चढवले. सडुसष्ट, पंचावन्न. बारा गुणांची आघाडी, टेबलावर तेरा. दोन्ही चेंडू तुला पाडावे लागतील आणि तेही त्याने संधी दिली तर. सराव करून ये; तोही रोज दुकान लवकर बंद करून अकलूजला सरावाला जातो आहे, आणि त्याची नजर एक नंबर आहे.

हातमोजे धुऊन वाळत घातले आहेत. तुला आशीर्वाद, जोतिरामलाही तेवढेच.

पाळी जोतिरामची.

सोमशेखर